बटणांच्या मोबाईलवर ईमेल : पेटी कुठे आणि किल्ली कोणाकडे?

गेल्या पावसाळ्यात भाताची रोप लावणी उरकून एक शेतकरी दांपत्य आमच्याकडे आले होते. बाईंच्या मानेला गाठ आली होती. बेळगावात एका ठिकाणी सुईने गाठीतला नमुना काढून तपासायला दिला होता. खिडकीवरच्या मुलीने विचारले, "रिपोर्ट ईमेलवर पाठवू का?" नवऱ्याने खिशातली चिठ्ठी काढून ईमेलचा पत्ता दाखविला. हा पत्ता आदल्या वर्षी पीक विम्याचा अर्ज भरताना दुकानातल्या एका पोराने काढून दिलेला. पासवर्ड त्या पोराच्या वहीत. पोरगा दुकान सोडून पुण्याला गेलेला. रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला, पेटीत पडला आणि बावीस दिवस तिथेच राहिला. वाट पाहून कंटाळल्यावर हे दोघे पुन्हा शहराला गेले, तेव्हा कळले की गाठ क्षयरोगाची आहे. सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध फुकट मिळते. ते सुरू झाले आणि आज बाईंची तब्येत चांगली सुधारली आहे. पण बावीस दिवस फुकट गेले ते गेलेच.

नवऱ्याने आम्हाला विचारले, "मोबाईल माझा, नंबर माझा, मग माझं पत्र दुसऱ्याच्या वहीत कसं अडकलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हातात अजून बटणांचा साधा मोबाईल आहे. शेतात चिखलात पडला तरी चालतो, बॅटरी तीन-चार दिवस पुरते, आणि किंमत परवडते. तो टाकून द्या असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु दवाखाना, बँक, शाळा, विमा कंपनी, सगळेच आता ईमेलचा पत्ता मागू लागले आहेत. गोव्यात, जहाजावर किंवा आखातात असलेला मुलगाही कागद पाठवायचा तर ईमेलनेच पाठवितो. तेव्हा साध्या मोबाईलवर हे पत्र कितपत मिळते, कुठे अडते आणि अडले तर काय करावे, हे या खेपेस सविस्तर पाहू.

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ईमेल मोबाईलमध्ये येत नाही. ती येते पेटीत, आणि ती पेटी गूगल, याहू यांसारख्या कंपनीच्या मोठ्या संगणकात असते. शहरातल्या मोठ्या पोस्टात भिंतीला लागून पितळी कुलुपांच्या पेट्या असतात, त्या आठवा. व्यापारी पेटी भाड्याने घेतो. पत्र पेटीत पडते. व्यापारी पायी गेला काय, सायकलने गेला काय किंवा मोटारीने गेला काय, पेटी तीच आणि पत्रही तेच. किल्ली मात्र त्याच्या कडोसरीला हवी. आपला मोबाईल म्हणजे पेटीपर्यंत जाण्याचे वाहन, आणि पासवर्ड म्हणजे किल्ली. त्या शेतकऱ्याकडे वाहन होते, पण किल्ली पुण्याला गेली होती.

ही व्यवस्था मोबाईलपेक्षा जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ते गोल शेपटीचे चिन्ह घातले, जे आपण 'अ‍ॅट' म्हणून वाचतो. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. दोन्ही गोष्टी पंधरा दिवसांच्या अंतराने आल्या खऱ्या, पण एकाच यंत्रात बसायला त्यांना पुढे काही वर्षे लागली. त्यातही शेतकऱ्याला आधी मिळाला तो एसएमएस. २००९ मध्ये नोकियाने साध्या फोनवर बाजारभाव आणि हवामान सांगणारी सेवा प्रथम महाराष्ट्रातच सुरू केली होती. ती पुढे बंद पडली. आफ्रिकेत घाना, नायजेरिया आणि केनिया या देशांत २०१२ मध्ये गूगलने याहून पुढची युक्ती काढली. तिथे आलेली ईमेल एसएमएसच्या रूपाने साध्या फोनवर येई आणि उत्तरही एसएमएसनेच देता येई. म्हणजे साधा फोन आणि ईमेल यांचे हाडवैर आहे असे नाही. मधली वाट कोणीतरी बांधावी लागते, इतकेच.

आता आपल्या हातातला फोन कोणत्या जातीचा आहे ते पाहा. पहिली जात केवळ बोलण्याची आणि एसएमएसची. यात इंटरनेट नाहीच, म्हणून या फोनवर ईमेल कधीही उघडणार नाही. दुकानदाराने कितीही सांगितले तरी विश्वास ठेवू नये. दुसरी जात जुन्या रंगीत पडद्याच्या फोनांची. त्यांच्यात टूजी इंटरनेट आहे आणि लहानसा ब्राउझर आहे. तिसरी जात फोरजीच्या बटणवाल्या फोनांची. २०१७ साली आलेला जिओफोन आणि २०१८ चा नोकिया ८११० हे या जातीतले. यांच्यात कायओएस नावाची प्रणाली असून ईमेलचे वेगळे अ‍ॅप असते. मात्र खोक्यावर फोरजी लिहिले म्हणजे ईमेल आलीच असे समजू नका. बटणांचे पुष्कळ नवे फोरजी फोन कायओएसचे नाहीत. पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच मेनू उघडून 'ईमेल' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

दुसऱ्या जातीच्या फोनाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तिथे लोक फसतात. दहा-बारा वर्षांपूर्वी याच फोनवर ईमेल बरी उघडत असे. आता उघडत नाही, तेव्हा माणूस समजतो की आपलेच काही चुकले. तसे नाही. बँकेत चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळवून पाहतात ना, तसा प्रत्येक फोन समोरच्या संगणकाचा शिक्का आपल्याजवळच्या शिक्क्यांच्या यादीशी जुळवून पाहतो. जुन्या फोनातली यादी जुनीच राहिली आणि शिक्के बदलले. कुलपाची नवी पद्धतही त्या फोनाला येत नाही. शिवाय जीमेलने लहान पडद्यांना सोयीचे असे आपले साधे, हलके पान जानेवारी २०२४ पासून बंद करण्यास घेतले. पुढे चाल म्हटले तरी टूजीची गती पाहा. प्रत्यक्षात ती सेकंदाला ४० किलोबिटच्या आसपास मिळते. एक मेगाबाइटचा कागद उतरवायला या गतीने २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक लागतात. मोठ्या फोनाने काढलेला एखादा फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. झाडाखाली उभे राहून दहा-बारा मिनिटे बटण दाबीत बसावे, आणि मध्येच रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. असल्या फोनाच्या भरवशावर दवाखान्याचा रिपोर्ट ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या जातीचा फोन असेल तर ईमेल मिळू शकते, पण एकदा नीट बसवून घ्यावी लागते. जिओफोनवाल्या अनेकांनी आजवर ही खटपट केली नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर काम भागत होते. २०२४ च्या जूनपासून कायओएसच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेता येईनासे झाले आणि २०२५ च्या सुरुवातीस ते जुन्या ग्राहकांसाठीही थांबले. तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो.

ईमेल बसवताना पहिली अडचण येते ती तारखेची. बॅटरी काढून घातली की काही फोन कित्येक वर्षे मागच्या तारखेला जातात. शिक्क्यांनाही मुदत असते. फोनाच्या मते आज अमुक जुने साल असेल, तर शिक्का अजून सुरूच झालेला नाही असे समजून तो पेटी उघडायला नकार देतो. घरात मुलगा तासभर पासवर्ड घालून थकतो आणि दोष असतो तारखेत! म्हणून आधी तारीख आणि वेळ बरोबर लावा.

दुसरी अडचण पासवर्डची. पूर्वी फोनाच्या ईमेल अ‍ॅपमध्ये पत्ता आणि नेहमीचा पासवर्ड घातला की काम होई. ३० मे २०२२ पासून गूगलने सामान्य ग्राहकांसाठी ही वाट बंद केली, कारण चोरही त्याच वाटेने येत. आता पुष्कळदा गूगलचे स्वतःचे पान फोनवर उघडते आणि तिथे पासवर्ड व एसएमएसने आलेला क्रमांक घालावा लागतो. तेही न जमल्यास 'अ‍ॅप पासवर्ड' नावाची सोय आहे. ही सोळा अक्षरांची निराळी किल्ली असते, केवळ त्या एका फोनासाठी केलेली. मुख्य किल्ली सांभाळून ठेवायची आणि गड्याला गोठ्यापुरती वेगळी किल्ली द्यायची, तसाच हा प्रकार. फोन हरवला तर ती एकच किल्ली रद्द करता येते, बाकीचे घर सुरक्षित राहते. मात्र अ‍ॅप पासवर्ड मिळण्यासाठी आधी खात्याला 'दोन पायऱ्यांची खात्री' सुरू करावी लागते, आणि हे काम मोठ्या पडद्यावर, संगणकावर किंवा नातेवाइकाच्या फोनावर, एकदा बसून करून घेणे सोपे.

अ‍ॅप आणखी एक विचारते : पॉप की आयमॅप? गोंधळू नका, आयमॅप निवडा. पॉप ही जुनी पद्धत. ती पत्र पेटीतून उचलून फोनात आणते, आणि नीट सांगितले नसेल तर पेटीतली प्रत काढूनही टाकते. मग फोन विहिरीत पडला की पत्रही विहिरीत. आयमॅप पद्धतीत पत्र पेटीतच राहते, फोन फक्त दाखवितो. असे फोन बहुधा अलीकडचीच पत्रे उतरवून घेतात, म्हणून गेल्या वर्षीचे पत्र फोनावर दिसले नाही तर ते नाहीसे झाले असे समजून घाबरू नये.

इतके झाल्यावर साधे लिहिलेले पत्र उत्तम वाचता येते. मराठी अक्षरे दिसतात. उत्तर लिहायला मात्र चिकाटी पाहिजे, कारण एकेका अक्षरासाठी बटण तीन-चार वेळा दाबावे लागते. तरी एसएमएसपेक्षा ईमेल मोकळी. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात! ईमेलला अशी मोजणी नाही. खरी पंचाईत होते ती जोडलेल्या कागदांची. दवाखाने बहुधा पीडीएफ पाठवितात. तो अनेक बटणवाल्या फोनांवर उघडत नाही, आणि उघडला तरी अडीच इंचांच्या पडद्यावर रक्ताच्या तपासणीचे आकडे वाचणे म्हणजे तांदळातले खडे अंधारात वेचणे. आमचा सल्ला असा की रिपोर्टातले मुख्य दोन-तीन आकडे आणि निष्कर्ष पत्राच्या मजकुरातच लिहा, असे पाठविणाऱ्याला सांगावे. मुलगा परदेशातून कागदाचा फोटो पाठवीत असेल, तर त्यालाही तेच सांगावे.

आणि ज्यांचा फोन पहिल्या जातीचा आहे त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी आम्ही हे लिहावयास घेतले. पेटी फोनात नसते हे एकदा समजले की वाट दिसू लागते. पेटी कोणाच्याही मोठ्या फोनावर उघडता येते, फक्त किल्ली आपल्याकडे राहिली पाहिजे. इथे साधा फोन मोठ्या उपयोगाचा आहे. खाते उघडताना त्यात आपलाच मोबाईल नंबर घाला. दोन पायऱ्यांची खात्री सुरू करा. मग कोणत्याही नव्या यंत्रावर आपली पेटी उघडताना पासवर्डाबरोबरच एक क्रमांक लागतो आणि तो क्रमांक आपल्या साध्या फोनावर एसएमएसने येतो. वाचता येत नसेल तर फोन करून बोलून सांगण्याचीही सोय आहे. सुनेच्या फोनावर पेटी उघडा, भाच्याच्या फोनावर उघडा, पण तुम्ही क्रमांक सांगितल्याशिवाय ती पहिल्यांदा उघडणार नाही. एकदा उघडल्यावर मात्र त्या यंत्रावर उघडीच राहते, हे ध्यानात ठेवावे. सूनबाई घरची आहे, तिथे हरकत नाही. दुकानातल्या संगणकावर काम झाले की 'साइन आउट' करून घ्या, आणि पासवर्ड लक्षात ठेवू का असे यंत्राने विचारले तर नाही म्हणा. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून संकोच करू नका. रिपोर्ट घरच्या बाईचा आहे, तो चारचौघांत उघडा राहणे बरे नव्हे.

हा क्रमांक जसा किल्लीचा अर्धा भाग, तसाच चोरालाही तोच पाहिजे असतो. आपण स्वतः पेटी उघडीत नसताना फोनवर कोणी गोड आवाजात तो मागितला, तर बँकेचा असो की आणखी कोणाचा, सांगू नये. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर ताबडतोब कळवावे.

गूगल दहा राखीव क्रमांकही देते, आठ-आठ आकड्यांचे. प्रत्येक क्रमांक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून किंवा छापून रेशनकार्ड आणि शेताचे उतारे ठेवता त्या पिशवीत ठेवा. फोन हरवला, नंबर बंद पडला, तरी या कागदावर पेटी उघडता येते. खरे तर साध्या फोनवाल्या माणसाला याहून चांगली सोय नाही. कागद सांभाळायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

नंबर बंद पडण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. प्रीपेड सिम ९० दिवस मुळीच वापरले नाही आणि त्यात वीस रुपयेही शिल्लक नसले तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या माणसाला मिळतो. मग आपल्या पेटीचे क्रमांक त्या परक्याच्या खिशात! नंबर बदलला की त्याच आठवड्यात खात्यातला नंबरही बदला. तशीच पेटीची गोष्ट. गूगलचे खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर कंपनी ते आतल्या पत्रांसकट पुसून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम अमलात आला आहे. पत्रे येत राहणे पुरेसे नाही, आपण स्वतः आत जावे लागते. विम्याच्या किंवा कर्जाच्या अर्जापुरते काढून विसरलेले खाते ज्यांच्या घरी असेल, त्यांनी सुगी संपल्यावर एकदा तरी ते उघडावे.

प्रयोगशाळेत पत्ता देताना त्या शेतकऱ्याकडून दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. आता तो त्या विसरत नाही. एक, कागदी प्रतही मागणे. ती मिळते, फक्त न्यायला जावे लागते. दुसरी, ईमेल पाठविली की माझ्या नंबरावर फोन करा, असे खिडकीवर सांगून त्यांच्या वहीत लिहवून घेणे. पत्र आल्याची घंटी साध्या फोनाला ऐकू येत नाही, ती कोणीतरी वाजवावी लागते.

त्याच्या जुन्या पेटीचे काय झाले ते सांगायचे राहिले. दुकानातल्या पोराने निदान मोबाईल नंबर याचाच घातला होता. म्हणून भाचीच्या फोनावर 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबताच क्रमांक थेट याच्या खिशातल्या साध्या फोनावर आला, आणि दहा मिनिटांत पुण्याच्या वहीतली किल्ली निकामी झाली. नवा पासवर्ड घरच्या वहीत आहे, राखीव क्रमांक ट्रंकेत आहेत. अलीकडे बाईंच्या औषधानंतरच्या तपासणीचा रिपोर्ट आला. दवाखान्याचा फोन आला तेव्हा सूनबाई माहेरून परतली होती. तिने आपल्या नव्या फोनावर सासऱ्याची पेटी उघडायला घेतली, पण क्रमांक मागितल्यावर तिला बांधावर जाऊन हाक मारावी लागली, कारण बटणांचा मोबाईल सासऱ्याबरोबर रताळ्याच्या शेतात होता.